उरलेल्या फळांची वाइन होत नाही

द्राक्षाचा भाव कोसळला, डाळिंबे झाडावरच उकलली किंवा सीताफळाच्या पाट्या आडतीवर पडून राहिल्या, की एक सल्ला हमखास पुढे येतो: वाइन करा. कार्यशाळांत तो दिला जातो, विधिमंडळातल्या चर्चेत डोकावतो आणि दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकऱ्याला तर अगदी उदार मनाने दिला जातो. धाराशिव जिल्ह्यात ही सगळी फळे होतात, म्हणून इथे तो फारच सोपा वाटतो. सल्ल्यामागची भावना चांगली आहे, पण विचार उलटा आहे. वाइन हा उरलेल्या मालाची विल्हेवाट लावण्याचा धंदा नाही. तिच्यासाठी फळ मुळातच निवडावे लागते, दरवर्षी लागते आणि ठरावीक गुणांचे लागते. तशी निवड करायची ठरवली, तर धाराशिवने द्राक्षाकडे नव्हे, बांधावरच्या आणि माळावरच्या कोरडवाहू झाडांकडे पाहायला हवे. बाटलीही शहरातल्या दुकानात नव्हे, वायनरीच्या दारात विकायला हवी.

आधी द्राक्षाचेच बघू, कारण वाइन म्हटले की तेच डोळ्यांसमोर येते. तुळजापूर तालुक्यातला काटी-सावरगावचा पट्टा द्राक्षासाठी ओळखला जातो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस ही वाणे निवडली आणि या सगळ्या भागाच्या द्राक्षशेतीला वळण लागले. पण ही वाणे खाण्याची आहेत. मणी लांब आणि टपोरा व्हावा म्हणून घडांना जिबरेलिक आम्लाचे (जीए) डीप दिले जातात, विरळणी केली जाते. बी नाही, साल पातळ, गर भरपूर: ग्राहकाला हवे ते सगळे त्यात आहे, आणि वाइनला नको तेही नेमके हेच. वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा गंध सालीतून आणि बियांतून येतो. मणी जेवढा मोठा, तेवढे रसाच्या मानाने सालीचे प्रमाण कमी. म्हणून वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे, जाड सालीचे आणि खायला फारसे न आवडणारे असते. साखरेचाही प्रश्न आहे. एक लिटर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल बनते. खाण्याचे द्राक्ष बहुधा १६ ते १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने रसातल्या साखरेची टक्केवारी) तोडतात, तर वाइनचे द्राक्ष २२ ते २४ ब्रिक्सपर्यंत वेलीवर ठेवतात. शिवाय भाव पडलेल्या द्राक्षाला आपल्याकडे एक जुना आणि भरवशाचा वाली आहे, तो म्हणजे बेदाणा. चार किलो द्राक्षातून साधारण एक किलो बेदाणा निघतो, तो शीतगृहात वर्षभर टिकतो आणि त्यासाठी उत्पादन शुल्क विभागाची पायरी चढावी लागत नाही. उरलेल्या द्राक्षासाठी वायनरीला स्पर्धा करावी लागते ती या बेदाण्याशी, आणि त्यात ती जिंकण्याची शक्यता कमीच.

अकलूजला जमले मग इथे का नाही, असे कुणी विचारेल. फ्रॅतेली ही कंपनी सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज परिसरात वाइन करते आणि चांगली करते. मात्र तिथे इटलीहून आणलेली रोपे होती, इटालियन वाइनतज्ज्ञ होते, भांडवल होते आणि नीरेच्या कालव्याचे पाणी होते. अकलूजचा माळशिरस आणि धाराशिवमधला भूम हे दोन्ही तालुके नकाशावर जवळ दिसले तरी पाण्याच्या हिशेबात लांब आहेत. राज्याचा स्वतःचा अनुभवही विसरू नये. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कातून सवलत दिली आणि नाशिक जिल्ह्यात विंचूरला, सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभारले. नाशिकमध्ये उद्योग रुजला, यात शंका नाही. तरीही २००८ च्या मंदीनंतर मागणी आटली, काही वायनऱ्यांनी माल उचलायला नकार दिला आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. या धंद्याचा पाया घालणाऱ्या नारायणगावच्या शातो इंडाजचेही पुढे दिवाळे निघाले. वाइनचे द्राक्ष बाजारात कुणी खायला घेत नाही. गिऱ्हाईक एकच, आणि ते फिरले की बाग सरपणाच्या भावाची.

इथे एक पेच उभा राहतो. चांगली वाइन खाण्याच्या फळातून होत नाही असे एकीकडे म्हणायचे, आणि फक्त वाइनच्या फळात शेतकरी अडकतो असे दुसरीकडे. जगात जिथे फळांची पेये टिकली आहेत तिथे हा पेच कसा सुटला, ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधल्या हियरफर्डशर आणि सॉमरसेटमध्ये किंवा फ्रान्सच्या नॉर्मंडीत सायडर होते ती खास कडवट-तुरट सफरचंदांची. ती कच्ची खाल्ली तर तोंड वाकडे होते. पण ती जुन्या गवताळ बागांतली मोठी झाडे, खाली गुरे-मेंढ्या चरतात, झाडावर खर्च फार नाही. गोव्यात काजूच्या बोंडूपासून फेणी होते. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. फेणी ऊर्ध्वपातनाने करतात, म्हणून ती वाइन नव्हे, पण फळाचे अर्थकारण तेच. शेतकऱ्याचा पैसा बीमध्ये, बोंडू एका दिवसात सडणारे, त्याला दुसरे गिऱ्हाईक नाही आणि ते दर उन्हाळ्यात न चुकता येते. दोन्हीकडे सूत्र एकच दिसते. झाड स्वतःच्या बळावर उभे आहे, त्याचा खर्च पेयावर अवलंबून नाही, आणि पेयाला लागणारे फळ दरवर्षी ठरल्या वेळी मिळते. भाव पडलेल्या वर्षी मिळणारे आणि भाव चढलेल्या वर्षी गायब होणारे फळ यात बसत नाही.

महाराष्ट्रात द्राक्षाबाहेरच्या फळाची ग्रामीण वायनरी कशी चालते, याचा चांगला नमुना पालघर जिल्ह्यात बोर्डीला आहे. तिथे प्रियांका सावे आणि नागेश पै यांनी हिल झिल वाइन्स ही वायनरी काढली आणि फ्रुझान्ते या नावाने चिकूची वाइन बाजारात आणली. याच भागातल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूची निवड विचारपूर्वक आहे. बागा डोळ्यांसमोर, झाडे जुनी, आणि फळ थोडेफार वर्षभर येते. टाक्या रिकाम्या पडत नाहीत. तंत्राच्या बाजूने मात्र चिकू हट्टी फळ आहे. साखर भरपूर, आम्लता जवळजवळ नाही. आम्ल कमी असले की वाइन चवीला मिळमिळीत लागते, आणि नको ते जिवाणूही तिच्यात सहज वाढतात. म्हणून आम्ल बाहेरून घालावे लागते, आणि गराचा चिकटपणा मोडायला पेक्टिन तोडणारे विकर. वाइनमध्ये घालतात ते टार्टारिक आम्ल. आपल्या चिंचेतले मुख्य आम्लही तेच. मराठवाड्यातल्या बांधोबांधी उभ्या असलेल्या चिंचेचा या कामी कुणी नेटाने विचार करायला हरकत नाही.

आता धाराशिवची फळे. भूम, वाशी, कळंबपासून तुळजापूरपर्यंत बालाघाटच्या रांगा पसरल्या आहेत आणि त्यांच्या उतारावर सीताफळ आपसूक वाढते. शेजारच्या बीडच्या सीताफळाला मानांकन आहे, आणि बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याचे एनएमके-१ हे वाण देशभर गेले आहे. साहजिकच वाइनची चर्चा सीताफळापाशीच येऊन थांबते. माझ्या मते इथेच थांबू नये. सीताफळात साखर आहे, पण आम्ल फार कमी. गर उघडा पडला की विकरांमुळे तासाभरात तांबूस पडतो, आणि विकरे मारायला तापवला की कडू होतो. फळाच्या वजनात गर निम्म्याहून कमी. बिया चिरडल्या तर त्यांतली विषारी द्रव्ये रसात उतरण्याचा धोका, म्हणून गर काढण्याचे यंत्र फार जपून चालवावे लागते. हे सगळे सांभाळून वाइन होईलही, पण तोच गर गोठवून रबडी-आइस्क्रीमवाल्यांना विकला तर कमी कटकटीत जास्त पैसे मिळतात. प्रत्येक फळावर वाइन हाच उतारा, हा हट्ट सोडलेला बरा.

जांभळाची गोष्ट वेगळी. वाइनच्या फळात जे लागते ते जांभळात बहुतेक सगळे आहे: गडद रंग, तुरटपणा, पुरेसे आम्ल. साखर तेवढी कमी. रस साधारण १३ ब्रिक्सचा धरला तर जेमतेम सहा-सात टक्के अल्कोहोल बनेल. नेहमीच्या वाइनसारखे अकरा टक्के हवे असेल तर हजार लिटरमागे ८० किलोच्या आसपास साखर घालावी लागेल. ८० किलो साखर म्हणजे पाऊण टन ऊस. कोरडवाहू झाडाची म्हणून मिरवायची ती वाइन अशा वेळी मागच्या दाराने उसाचे पाणी पिऊ लागते. यावर सरळ उपाय आहे: कमी अल्कोहोलची जांभूळ वाइन करावी आणि ती तशीच विकावी. सायडर बहुधा पाच-सहा टक्क्यांचीच असते, आणि कुणाची त्याबद्दल तक्रार नसते. बोराचेही थोडेफार असेच. उमराण, कडाका ही वाणे मराठवाड्याला नवी नाहीत. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली, तेव्हा कोरडवाहू भागात बोर, सीताफळ, डाळिंब यांची मोठी लागवड झाली. पुढे बोराचा भाव पडला आणि बऱ्याच बागा तुटल्या, पण झाड अजून ओळखीचे आहे. डाळिंबाला मात्र पाणी, फवारणी आणि तेल्या रोगाची धास्ती, सगळेच लागते. त्याच्यात वाइनचे फळ म्हणून एकच गोष्ट उपयोगी आहे. उन्हाने डागाळलेले डाळिंब बाजारात मार खाते, दाणे मात्र निर्दोष असतात. इस्रायलमध्ये रिमोन नावाची वायनरी डाळिंबाचीच वाइन करते. उकललेल्या फळात मात्र बुरशी शिरते, ते घेऊ नये. साल रसात चिरडली तर कडवटपणा उतरतो, म्हणून दाणे आधी वेगळे काढावे लागतात.

द्राक्षाच्या वायनरीची टाकी हंगामात भरते आणि मग तिच्यात वाइन बराच काळ मुरत राहते. फळांच्या वाइन बहुतेक ताज्याच चांगल्या लागतात, काही महिन्यांत बाटलीत जातात. थंडीत बोर, जूनमध्ये जांभूळ, मग बहारानुसार डाळिंब, असे चक्र बसवले तर एकच टाकी वर्षातून तीनदा फिरते. लहान उद्योगाला हा फरक फार मोठा. खर्चाचा खरा बोजा टाकीवर नाही, थंडाव्यावर आहे. फळाचा गंध टिकवायचा तर आंबवण १५-१८ अंशांवर व्हायला हवी, आणि धाराशिवचा एप्रिल-मे चाळिशी ओलांडतो. वीज सहा तास गेली तर टाकी तापते, यीस्ट बेभान होते आणि गंध उडून जातो.

वाइन झाली, आता ती विकायची कुठे? मोठ्या दुकानांत वाइन ठेवू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला होता. हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटात ती मिळणार होती. अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अमलात आलाच नाही. दारूची जाहिरात करता येत नाही. मग ज्याने जांभळाची वाइन कधी ऐकलीही नाही, त्याच्यापर्यंत ती पोचणार कशी? राहतो एकच मार्ग, तो माणूस वायनरीत यायला हवा. सुलाने २००५ मध्ये नाशिकला टेस्टिंग रूम उघडली आणि नाशिकची द्राक्षबाग हे पर्यटनाचे ठिकाण झाले, ते याच गरजेतून. अशा भेटीत पाहुण्याला तीन गोष्टी दिसायला हव्यात: फळ निवडताना काय बाजूला फेकले जाते, टाकीवरच्या पाण्याच्या सापळ्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे का निघतात, आणि गाळ खाली बसला की वरची वाइन दुसऱ्या टाकीत कशी ओढून घेतात. एवढे पाहिलेल्या माणसाला पुढे चवीतला तुरटपणा दोष वाटत नाही.

धाराशिवला पाहुण्यांची कमतरता नाही, असे म्हणताना लोक तुळजापूरच्या गर्दीकडे बोट दाखवतात. ही गर्दी वायनरीची नव्हे. भवानीच्या दर्शनाला निघालेल्या कुटुंबाला वाटेत वाइनच्या फलकाने थांबवू पाहणे धंद्याच्या दृष्टीने चुकीचे आणि एरवीही शोभणारे नाही. नळदुर्ग अधिक योग्य जागा. सोलापूर-हैदराबाद महामार्ग तिथून जातो, किल्ला आणि नर-मादी धबधबा पाहायला पावसाळ्यात लोक येतात, आणि जांभळाचा हंगाम पावसाच्या तोंडावरच असतो. याच जिल्ह्यातल्या तेरचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात तगर म्हणून येणारे गाव ते हेच. तगरहून कापड भरूचच्या बंदरात जाई, आणि त्याच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची वाइन पहिल्या पसंतीची म्हणून नोंदलेली आहे. यावरून धाराशिवला वाइनची प्राचीन परंपरा आहे असे कुणी माहितीपत्रकात छापू नये, एवढीच विनंती.

दुष्काळी जिल्ह्यात पाणी दारूला का, हा आक्षेप खरा आणि गंभीर आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागत होते, आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. पण बिअर आणि वाइन यांत फरक करायला हवा. बिअर मुख्यतः पाण्याचीच बनते. वाइनमधले पाणी फळाने झाडावर असतानाच साठवलेले असते, कारखान्याला ते लागते धुण्यापुसण्यासाठी. हे धुणे थोडे नसते आणि त्याचे सांडपाणी आम्लधर्मी असते, त्यावर प्रक्रिया करावीच लागते. तरी झाड कोरडवाहू असेल तर पाण्याचा एकूण हिशेब उसापेक्षा कितीतरी हलका राहतो. फळ द्राक्ष असेल तर हे समर्थन कोसळते, हेही मान्य करायला हवे.

दुसरा आक्षेप दारूचाच. गावोगावी आडव्या बाटलीसाठी मतदान करणाऱ्या बायकांना ‘ही तर फळांची आहे’ असे सांगणे म्हणजे त्यांना खुळ्यात काढणे. अल्कोहोल हा कर्करोगाला कारणीभूत पदार्थ आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले. प्रमाण कमी असले म्हणून पिणे निर्धोक ठरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. जांभूळ मधुमेहाला चांगले म्हणून जांभूळ वाइनही चांगली, हा तर्क खोटा आहे. मद्यपेयांच्या बाटलीवर आरोग्याचा दावा करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी बंदी घातली आहे, ती योग्यच. त्यामुळे शेतकऱ्याच्या भल्याचे नाव घेऊन गल्लोगल्ली वाइन पोचवण्याला माझाही विरोध आहे. दारात विकणारी लहान वायनरी मला पटते ती यामुळेही. तिथे यायला माणसाला ठरवून यावे लागते, वय २१ पूर्ण आहे का ते पाहता येते आणि हातभट्टीच्या गिऱ्हाइकाला तिचा भाव परवडत नाही. व्यसनाचा प्रश्न यामुळे सुटत नाही, फक्त त्यात भर पडत नाही. आणि फळ आंबवताना मिथेनॉल होते म्हणून ती विषारी, ही भीती मात्र अनाठायी आहे. पेक्टिनमुळे ते किंचित बनते, पण विषारी दारूचे बळी जातात ते कारखान्यातले मिथेनॉल मिसळल्याने.

शेवटचा प्रश्न शेतकऱ्याचा आहे आणि तो सगळ्यांत व्यावहारिक. पुण्या-मुंबईत जांभूळ महाग झाले तर तो ते वायनरीला का देईल? उत्तर तोडणीत आहे. जांभळाच्या फांद्या ठिसूळ, वर चढून हाताने वेचायला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तर महाग पडतात. हाताने वेचलेले निवडक फळ शहरात जावे, तिथे त्याला वायनरी कधीच देऊ शकणार नाही असा भाव येतो. उरलेले झाड खाली जाळी बांधून झोडावे. ते फळ मार खाल्लेले असते, दुसऱ्या दिवशी पेटीत पाझरू लागते आणि शहरापर्यंत पोचत नाही. वायनरीला मात्र ते चालते, कारण तिथे पहिले काम ते चिरडण्याचेच असते. दर वर्षाआधी ठरलेला, प्रत जाळीवरची, आणि अट एकच: सकाळी झोडलेले फळ त्याच दिवशी टाकीत. ही अट पाळायची तर वायनरी औद्योगिक वसाहतीत बांधून भागणार नाही, ती झाडांपासून तासाभराच्या टेम्पोच्या वाटेवर असावी लागेल, आणि तेवढ्या टापूत फळ देणारी झाडे किती आहेत, याची मोजणी परवान्याच्या अर्जाआधी करावी लागेल.